फॉरमॅट मारण्याआधी: ग्राफिक ड्रायव्हरमुळे हँग होणारा कॉम्प्युटर कसा तपासायचा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे पंधरा दिवस अमळनेरच्या फोटो-व्हिडिओवाल्यांना जेवायला वेळ नसतो. माझ्या मावसभावाचा तिथे छोटा स्टुडिओ आहे. मागच्या लग्नसराईत रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, "भाऊ, कंपूटर परत अटकी गया."

यातला 'परत' महत्त्वाचा. महिन्याभरात त्याने तीनदा फॉरमॅट मारून घेतला होता. दुकानातून मशीन आलं की चार-आठ दिवस सुरळीत चालायचं. मग एखाद्या संध्याकाळी हळदीची क्लिप लावली की स्क्रीन जागच्या जागी गोठायची. मागे गाणं चालूच, पण नवरीच्या गालाला लागलेला हात गालावरच. पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला विंडोज खराब. दुसरा म्हणाला रॅम. तिसऱ्याने ऊन दाखवलं, आणि मे महिन्यात खान्देशात ऊन दाखवलं की कोणी वाद घालत नाही.

खरा दोष स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये होता. फॉरमॅटने तो चार दिवस का झाकला जायचा, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. नवीन विंडोज टाकल्यावर ती आधी स्वतःजवळच्या साध्या ड्रायव्हरवर चालते. इंटरनेट जोडलं की विंडोज अपडेट मागच्या मागे कार्डासाठी तिच्या यादीतला ड्रायव्हर उतरवून बसवतं, आपल्याला विचारत नाही. भावाच्या मशीनवर दर वेळी तोच बिघडलेला ड्रायव्हर येऊन बसत होता. शिवाय फॉरमॅटने आधीच्या बिघाडाच्या सगळ्या नोंदीही पुसल्या जात होत्या, त्यामुळे चौथ्या माणसाला तपासायला काही उरतच नव्हतं.

ज्यांनी आजवर डिव्हाइस मॅनेजर (कॉम्प्युटरचे भाग आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारं विंडोजचं पान) उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. विंडोज १० आणि ११ धरून चाललो आहे. स्क्रीनवर नावं आणि आकडे इंग्रजीत दिसतील, मी ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

ड्रायव्हर करतो काय

विंडोजला तुमच्या कार्डाची भाषा येत नाही. 'ही खिडकी इथे काढ, हा व्हिडिओ उलगड' हे विंडोजचं सांगणं कार्डापर्यंत पोचवणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. कार्ड वेगळं बसवलेलं नसेल तरी ड्रायव्हर असतोच, कारण बहुतेक प्रोसेसरांच्या पोटात छोटं ग्राफिक असतं.

विंडोज या दुभाष्यावर घड्याळ लावून बसते. दिलेल्या कामाला २ सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ड्रायव्हर अडकला असं समजून ती त्याला पाडून पुन्हा उभा करते. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे, तिचं नाव टीडीआर. ती यशस्वी झाली की स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि आपण 'लाईट हलली वाटतं' म्हणून सोडून देतो. ती फसली की निळी स्क्रीन येते, नाहीतर कायमचं गोठणं. म्हणून अधूनमधून स्क्रीन काळी होऊन परत येत असेल, तर पुढे मोठं हँग होण्याची ती चाहूल समजा.

आधी हँगचा प्रकार ओळखा

सगळी गोठणी सारखी नसतात. हँग झाल्यावर लगेच पॉवर बटण दाबू नका. दोन मिनिटं थांबा आणि एवढं बघा.

कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आत विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र अडकलं आहे. गाणं किंवा आवाज चालू राहिला आणि चित्र थांबलं, तर तोच अर्थ. संशय ग्राफिककडे जातो.

आवाजही एकाच सुरावर 'घर्रर्र' करत अडकला आणि कॅप्स लॉकचा दिवा मेला, तर सगळं मशीन ठप्प आहे. हे ड्रायव्हरनेही होतं, रॅमने होतं, पॉवर सप्लायनेही होतं. यावरून एकट्याने निकाल देऊ नका.

माउसचा बाण फिरतो पण क्लिक घेत नाही, हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला, आणि दहा मिनिटांनी सगळं आपोआप सुटतं: हे बहुतेक वेळा डिस्कचं दुखणं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवणाऱ्यांना ते ठाऊकच आहे. इथे ग्राफिक ड्रायव्हरच्या मागे लागून उपयोग नाही.

आता सगळ्यात कामाची चाचणी. मशीन गोठलेलं असताना विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चारही कळा एकदम दाबा. यामुळे विंडोज ग्राफिक ड्रायव्हर नव्याने सुरू करते. 'बीप' असा आवाज येतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि गोठलेलं चित्र सुटलं तर दोष ग्राफिकच्या बाजूला आहे हे जवळपास ठरलं. तुमचं उघडं काम याने जात नाही. भावाला मी हे फोनवरच करायला लावलं. नवरीच्या गालावरचा हात खाली आला आणि पलीकडून तो ओरडलाच.

आणखी एक खूण: रंगीत पट्टे, चौकोनी ठिपके, फाटलेलं चित्र. असं दिसलं तर मशीन बंद करून चालू करा आणि विंडोज येण्याआधीची कंपनीच्या नावाची स्क्रीन किंवा बायॉसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जची) स्क्रीन नीट बघा. तिथेही पट्टे असतील तर ड्रायव्हर निर्दोष आहे, कारण तो अजून सुरूच झालेला नाही. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. केबल बदलून बघणं सगळ्यात स्वस्त, तिथून सुरुवात करा.

ऊन, कापूस आणि लाईट

आपल्याकडचे तंत्रज्ञ उन्हाला दोष देतात ते उगाच नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या दुकानात तर विचारूच नका. पंख्याचा वेग तोच असेल तर खोलीचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच कार्डाचंही वाढतं. संक्रांतीला ७० अंशांवर काम करणारं कार्ड आखाजीला ८५ वर जाणं अगदी स्वाभाविक आहे.

म्हणून ऊन आणि ड्रायव्हर यांची फारकत करायला शिका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिकवर) क्लिक करा. वेगळं कार्ड असेल तर तिथे तापमानाचा आकडा दिसतो. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिकचा आकडा तिथे दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत साधन लागतं. भरपूर काम चालू असताना ८०-८५ चालतं. आकडा सतत ९० च्या वर राहत असेल तर आधी सफाई, मग बाकीचं.

आणि वेळ बघा. दुपारी दोनला, अर्धा तास रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल तयार होणं) चालल्यावरच हँग होत असेल तर ऊन. पहाटे मशीन थंडगार, चालू करून पाच मिनिटं झाली, फक्त ब्राउझरमध्ये एक व्हिडिओ लावला आणि हँग, तर ऊन नव्हे. भावाचं मशीन रात्री साडेदहाला ६२ अंशांवर गोठलं होतं. तिथेच तिसऱ्या दुकानदाराचं निदान गळून पडलं.

सफाईबद्दल थोडं. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या कॅबिनेटमध्ये नुसती धूळ नसते, कापसाची रुई असते. ती पंख्यामागच्या जाळीवर गोधडीसारखी बसते आणि ब्लोअरच्या एका फुंकीने निघत नाही, मऊ ब्रशने सोडवावी लागते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि कॅबिनेटची बाजू उघडी टाकून समोर पाण्याचा कूलर लावू नका. हे मी खूप ठिकाणी पाहिलं आहे. त्या हवेत ओल असते, कधी थेंबही. वर्षभरात खाचांमध्ये हिरवट थर दिसायला लागतो.

लाईटचा प्रश्न वेगळा ओळखू येतो. शेताकडची थ्री फेज आली, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडलं, तर कॉम्प्युटर शक्यतो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. गोठून बसत नाही. तेव्हा 'रीस्टार्ट होतो' आणि 'हँग होतो' हे दोन वेगळे आजार आहेत, दुकानात सांगतानाही वेगळे सांगा.

पुरावा शोधा

स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' असं येईल, ते उघडा. तारखांचा तक्ता दिसेल, बिघाडाच्या दिवशी लाल फुली. फुलीवर क्लिक केलं की खाली त्या दिवसाच्या नोंदी येतात. माझ्या मते नवख्या माणसासाठी विंडोजमधलं याहून उपयोगी पान दुसरं नाही, आणि ते कोणी उघडत नाही.

'हार्डवेअर एरर' अशी नोंद आणि तिच्या तपशिलात 'लाइव्ह कर्नल इव्हेंट', कोड १४१ किंवा ११७ दिसला, तर कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही असा अर्थ. निळी स्क्रीन आली असेल आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' लिहिलं असेल, तर तोच आजार जास्त बळावलेला.

दुसरी जागा इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून तो उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे, त्यात इव्हेंट आयडीच्या जागी ४१०१ टाका. ही नोंद म्हणते, डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता आणि सावरला. तिथे ड्रायव्हरचं नावही असतं: 'एनव्हीएल' ने सुरू होणारं असेल तर एनव्हिडिया, 'एएमडी' किंवा 'एटीआय' असेल तर एएमडी, 'आयजी' असेल तर इंटेल. लॅपटॉपमध्ये दोन-दोन ग्राफिक असतात, तेव्हा दोषी कोण हे इथेच कळतं.

याच यादीत ४१ क्रमांकाची 'कर्नल पॉवर' ही लाल नोंद हमखास दिसेल. तिला घाबरून एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बदलायला धावू नका. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलं तरी ती येते.

आता तारखा जुळवा. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उलगडा, नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथली आवृत्ती कागदावर लिहून घ्या. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री, ड्रायव्हर अपडेट्स: कुठला ड्रायव्हर कोणत्या दिवशी उतरला हे तिथे आहे. पहिली लाल फुली त्या दिवसाच्या लगेच नंतरची असेल, तर चोर सापडला.

ड्रायव्हरच्या पानावर दिसणारी तारीख मात्र जपून वाचा. विंडोजच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख असते, मग विंडोज कालची का असेना. इंटेलच्या काही चिपसेट ड्रायव्हरांवर तर १८ जुलै १९६८ दिसते, ती त्या कंपनीच्या स्थापनेची तारीख. मुद्दाम जुनी तारीख घातलेली असते, म्हणजे नेमका बनवलेला ड्रायव्हर मिळाला की तो वरचढ ठरावा. एका मित्राने '१९६८चा ड्रायव्हर आहे, म्हणून हँग होतो' असं मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

दुरुस्ती: हात लावण्यापूर्वी

तीन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, विंडोजचा पूर्ण पासवर्ड. रोज चार आकडी पिन वापरणाऱ्यांना तो आठवत नाही, आणि सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालते ती अवस्था) पिन चालेलच असं नाही. दुसरी, लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाईलवरून उघडून लिहून ठेवा. तिसरी, हवा तो ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर. काम करताना इंटरनेट बंद ठेवायचं आहे, आणि तालुक्याच्या नेटवर पाचशे-सातशे एमबी ऐनवेळी उतरवणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. लग्नाचे, फॉर्मचे, हिशोबाचे जे काही असेल ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

पायरी १: मागे जा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण आहे. ते दाबता येत असेल तर दाबा, रीस्टार्ट करा, तीन-चार दिवस वापरा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. बटण फिकट दिसत असेल तर विंडोजकडे जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, पुढे चला. फॉरमॅट मारलेल्या मशीनवर ते बहुधा फिकटच असतं.

पायरी २: साध्या ड्रायव्हरवर चालवून बघा. इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिकच्या नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' घ्या. समोर येणाऱ्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकायचा का असं विचारणारी खूण असते, ती करा. ती केली नाही तर रीस्टार्टनंतर तोच ड्रायव्हर परत येऊन बसतो, आणि आपल्याला वाटतं नवीन बसला. रीस्टार्टनंतर नाव 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसायला हवं. दुसराच कुठला जुना ड्रायव्हर वर आला असेल तर त्यालाही तसंच काढा.

आता स्क्रीन मोठ्या अक्षरांची आणि जड वाटेल, दुसरा मॉनिटर लागणार नाही, लॅपटॉपचा उजेड कमी-जास्त होणार नाही. घाबरू नका. एक पूर्ण दिवस याच अवस्थेत टायपिंग, जुने व्हिडिओ, जमेल ते काम करा. हँग झालं नाही तर संशय पक्का. या अवस्थेतही हँग होत असेल तर ग्राफिक ड्रायव्हर सोडून द्या आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा. ही पायरी लोक कंटाळून गाळतात आणि मग आठवडाभर अंधारात चाचपडतात.

पायरी ३: मुळापासून सफाई. साध्या पद्धतीने काढलं तरी फाइली आणि नोंदी मागे राहतात. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं मोफत साधन आहे, सगळे त्याला डीडीयू म्हणतात. ते सेफ मोडमध्ये चालवायचं. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ ची कळ. डीडीयू उघडून जीपीयू निवडा, कंपनी निवडा, 'क्लीन अँड रीस्टार्ट'. इंटरनेट अजूनही बंदच.

मशीन डेस्कटॉपपर्यंत पोचायच्या आधीच गोठत असेल तर विंडोज सुरू होताना बटण दाबून बंद करा, असं सलग दोन-तीनदा केलं की ती स्वतःच दुरुस्तीचं पान उघडते. तिथूनही सेफ मोडचा हाच रस्ता आहे.

पायरी ४: नेमका ड्रायव्हर टाका. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरचा, कारण कंपन्या त्यात स्वतःचे फेरफार करतात. दोन ग्राफिक असतील तर आधी इंटेल किंवा एएमडीचं आतलं, मग वेगळं कार्ड. सुटे भाग घेऊन जोडलेला (असेंबल केलेला) कॉम्प्युटर असेल तर कार्डाच्या चिपच्या कंपनीच्या साइटवरून. एनव्हिडियाकडे 'गेम रेडी' आणि 'स्टुडिओ' असे दोन प्रकार असतात. व्हिडिओ, फोटोचं काम करणाऱ्यांनी स्टुडिओ घ्यावा. टाकताना 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'ला खूण करा.

सगळ्यात नवीन तोच घ्यायचा असं काही नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर काढला आणि काही कार्डांचे पंखे नीट फिरेनात म्हणून कंपनीलाच तो मागे घ्यावा लागला. हँगचा त्रास सुरू होण्याआधी जी आवृत्ती चालत होती, ती किंवा तिच्या जवळची टाका. साइटवर जुन्या आवृत्त्यांची यादी असते.

जुन्या कार्डांचं वेगळं. आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणाऱ्या जीटी ७१० कार्डासाठी एनव्हिडियाची ४७० ही शेवटची मालिका, त्यापुढचे ड्रायव्हर त्या कार्डासाठी नाहीतच. इंटेलनेही सहाव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरांमधलं ग्राफिक जुलै २०२२ मध्ये जुन्यांच्या यादीत टाकलं, त्यांचा ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो. आणि 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत' असं ओरडणारी फुकट साधनं मशीनमध्ये असतील तर आत्ताच काढा. ती कुठून काय आणून बसवतील याचा नेम नाही.

पायरी ५: दार लावा. हे केलं नाही तर चार दिवसांनी भावासारखी गत होते. कंट्रोल पॅनेलच्या शोधात 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' टाइप करा आणि आपोआप ड्रायव्हर उतरवू का या प्रश्नाला 'नो' द्या. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये 'विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर देऊ नका' अशी पक्की सोय आहे, होममध्ये ती नाही. होमवाल्यांनी विंडोज अपडेट काही आठवडे 'पॉज' करावं आणि चालू केल्यावर ड्रायव्हरच्या पानावरची आवृत्ती कागदावरच्या आकड्याशी ताडून बघावी. अपडेट कायमचं बंद ठेवू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहा. ड्रायव्हर बदलला, त्याच दिवशी रॅम पुसली आणि पंखाही नवा लावला, तर कशाने बरं झालं हे तुम्हालाही कळणार नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन ते २ सेकंदांचं घड्याळ वाढवायचा सल्ला कोणी देईल. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. अडकणारा ड्रायव्हर तसाच राहतो, गोठणं तेवढं लांबतं.

तातडीची मलमपट्टी हवी असेल, उद्याच फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि ब्राउझर उघडला की हँग होतं, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम या भागात ग्राफिक अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. काम भागतं. बाकीचं आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी निवांत करा.

विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) वापरणाऱ्यांना 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' या पानावर 'टेस्टेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडता येतो, आणि चित्र गोठलं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरांच्या स्क्रीनवर जाऊन मशीन नीट बंद करता येतं.

ड्रायव्हर नसेल तर

सेफ मोडमध्येही हँग, बेसिक अडॅप्टरवरही हँग: आता यंत्राचा भाग. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रॅम तपासा, दोन पट्ट्या असतील तर एक-एक करून चालवा. लाईटची पिन काढून रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, आपल्या धुळीत याने कधीकधी चमत्कार होतो. क्रिस्टल डिस्क इन्फोने डिस्कची तब्येत बघा. 'गुड'ऐवजी 'कॉशन' असेल तर आधी माल दुसरीकडे हलवा. हे सगळं ठीक असेल आणि जड कामावरच गोठत असेल, तर एसएमपीएस किंवा कार्ड. ते घरी तपासायचं तर मित्राचं चालू कार्ड एका दिवसासाठी लावून बघणं हाच सोपा मार्ग.

दुकानात न्यायची वेळ आलीच, मग ते जळगावचं गोलाणी मार्केट असो की गल्लीतला ओळखीचा पोरगा, मशीनसोबत एक चिठ्ठी द्या. हँग होताना आवाज चालू असतो की नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, तापमान किती होतं, रिलायबिलिटीत कोणता कोड आहे, ड्रायव्हरची कोणती आवृत्ती टाकून झाली, बेसिक अडॅप्टरवर काय झालं. वर मोठ्या अक्षरात: विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये.

भावाच्या मशीनला शेवटी एक जुना स्टुडिओ ड्रायव्हर मानवला. त्याने त्या आवृत्तीचा आकडा मार्करने कॅबिनेटवरच लिहून ठेवला आहे, एसटीच्या वेळापत्रकाच्या शेजारी.